इमारतीच्या आत वाट दाखवणारे तंत्रज्ञान : दृष्टिहीन व्यक्तीला अचूकता किती हवी आणि कशाची?

टकटक (धागाकर्ता)

मी पूर्णतः दृष्टिहीन असून गेली बावीस वर्षे पांढऱ्या काठीच्या आधाराने एकटा फिरतो. रस्त्यावर मोबाइलमधला नकाशा मला वळणे बोलून सांगतो आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघतात. इमारतीचे दार ओलांडले की मात्र तोच मोबाइल मुका होतो. दारापासून हव्या त्या खोलीपर्यंतचा जो टप्पा डोळस माणसाला प्रवासात मोजावासाही वाटत नाही, तोच माझ्यासाठी सर्वांत अवघड असतो.

हा धागा काढण्याचे कारण असे, की मी ज्या सात मजली इमारतीत काम करतो तिथे दृष्टिहीनांसाठी आतल्या आत वाट दाखवणारी यंत्रणा बसवण्याचे ठरले आहे आणि व्यवस्थापनाने माझे मत लेखी मागितले आहे. त्यांच्यापुढे तीन प्रस्ताव आहेत. पहिल्यात भिंतींवर ब्लूटूथ बीकन, म्हणजे आपला क्रमांक सतत प्रसारित करणारी छोटी उपकरणे, लावायचे आहेत, दुसऱ्यात मोबाइलच्या कॅमेऱ्याने परिसर ओळखायचा आहे आणि तिसऱ्यात अल्ट्रा-वाइडबँडची, म्हणजे रेडिओ लहरींच्या तोकड्या स्पंदांनी अंतर मोजणारी, उपकरणे छताला बसवायची आहेत. तिन्ही प्रस्तावांत सर्वांत ठळक छापलेला शब्द 'अचूकता' हाच आहे. एकाची दोन-तीन मीटर, दुसऱ्याची एक मीटर, तिसऱ्याची तीस सेंटिमीटर. हे आकडे पाहिले की तिसरा प्रस्ताव निवडून मोकळे व्हावेसे वाटते.

परंतु मी आज ज्या रीतीने आत वावरतो, तिचा या आकड्यांशी काय संबंध आहे, हे मला कळत नाही. प्रवेशदारातली पायपुसणी संपून गुळगुळीत फरशी सुरू झाली की मी उजवीकडे वळतो. सरकत्या जिन्याची घरघर डाव्या कानाला ठेवतो. लिफ्टचे दार उघडताना हवेची झुळूक येते, तिच्यावरून लिफ्ट किती जवळ आहे ते समजते. काठीचा आवाज अरुंद मार्गिकेत एक येतो आणि मोकळ्या दालनात दुसरा. यांपैकी एकाही खुणेचा उल्लेख कोणत्याही प्रस्तावात नाही. तेव्हा जाणकारांनी कृपया हे सांगावे, की या तीन पद्धती प्रत्यक्षात काम कशा करतात आणि निवड करताना मी नेमके काय विचारले पाहिजे.

संकेतवेडा

स्थाननिश्चिती हा माझ्या कामाचा विषय आहे, म्हणून तांत्रिक बाजू मी मांडतो. वापराची बाजू इतरांनी सांगावी.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात आणि त्यांचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलला त्यातून साधारण पाच मीटरपर्यंतचे स्थान कळते. छप्पर, काँक्रीट आणि लोखंड मध्ये आले की संकेत एकतर अडतो किंवा भिंतींवर आपटत आडवाटेने पोहोचतो, आणि आडवाटेने आलेला संकेत खोटे अंतर सांगतो. शिवाय रस्त्यावर पाच मीटरची चूक पदपथाच्या रुंदीत खपून जाते, तर इमारतीत तेवढ्याच चुकीने माणूस भिंतीपलीकडच्या खोलीत दाखवला जातो. मजला कोणता, हा प्रश्न तर रस्त्यावर उद्भवतच नाही.

म्हणून आत इतर मार्ग शोधावे लागले. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००० साली 'रडार' या नावाने एक पद्धत मांडली. तिच्यात इमारतीच्या प्रत्येक ठिकाणी वायरलेस जाळ्याचे संकेत किती तीव्र येतात याची आधी नोंद करून ठेवायची आणि नंतर मोबाइलला दिसणारी तीव्रता त्या नोंदींशी ताडून पाहायची. ठशांवरून माणूस ओळखावा तसा हा प्रकार आहे. तिने दोन-तीन मीटरपर्यंत मजल मारली, पण तीव्रता हे मुळातच भरवशाचे माप नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेते आणि माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचेच असते. त्यामुळे मोबाइल पुढच्या खिशात आहे की मागच्या, आणि दालनात दहा माणसे आहेत की दोनशे, यावर आकडे बदलतात.

ब्लूटूथ बीकनचेही हेच. कमी ऊर्जेचे ब्लूटूथ २०१० सालच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आले आणि २०१३ साली ॲपलने 'आयबीकन' जाहीर केल्यावर त्याचा प्रसार झाला. बीकन हे दीपगृहासारखे असते. ते फक्त 'मी अमुक क्रमांकाचा' एवढेच सतत ओरडत राहते. ऐकणारा कोण आणि किती दूर, हे त्याला ठाऊक नसते. अंतराचा अंदाज मोबाइलने आवाजाच्या, म्हणजे संकेताच्या, जोरावरून बांधायचा असतो.

तीव्रतेऐवजी वेळ मोजली तर चित्र पालटते. प्रकाशाचा वेग धरला तर एका नॅनोसेकंदात लहर सुमारे तीस सेंटिमीटर जाते. अल्ट्रा-वाइडबँडमध्ये अत्यंत तोकडे स्पंद वापरले जात असल्यामुळे सरळ आलेला स्पंद आणि भिंतीवरून परतलेला स्पंद वेगळे ओळखता येतात, म्हणून दहा ते तीस सेंटिमीटरची अचूकता शक्य होते. आयफोनमध्ये ही चिप २०१९ साली आली. पण आजही सर्व मोबाइलमध्ये ती नाही, आणि स्वस्त मोबाइलमध्ये तर नाहीच. वाय-फायमध्येही जाण्यायेण्याचा वेळ मोजण्याची सोय आहे, अँड्रॉइडने ती २०१८ साली नवव्या आवृत्तीत खुली केली आणि तिने एक-दोन मीटरपर्यंत पोहोचता येते. मात्र त्यासाठी इमारतीतली वाय-फायची उपकरणे त्या सोयीची असावी लागतात.

कॅमेऱ्याच्या पद्धतीत भिंतींवर काहीच लावावे लागत नाही. इमारतीचे आधी एकदा सविस्तर चित्रण करून ठेवतात आणि नंतर मोबाइल समोरचे दृश्य त्या साठ्याशी जुळवतो. अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड या संस्थेतून २०१९ साली निघालेली 'गुडमॅप्स' ही कंपनी याच वाटेने जाते. खुणांनी भरलेल्या जागी ही पद्धत फार छान चालते. लांबच लांब कोरी पांढरी भिंत, काच, अंधार किंवा दाट गर्दी समोर आली की ती गोंधळते.

चौथी गोष्ट प्रस्तावांत लिहिलेली नसते, पण जवळजवळ प्रत्येक यंत्रणेत ती असते. मोबाइलमधली गती व दिशा मोजणारी उपकरणे तुमची पावले मोजतात आणि वळणे टिपतात. प्रत्येक पावलाच्या लांबीत थोडी चूक असते, ती साठत जाते आणि पन्नास पावलांनंतर तुम्ही भलतीकडेच दाखवले जाता. बीकन किंवा कॅमेरा यांचे खरे काम ही साठलेली चूक अधूनमधून पुसण्याचे असते. त्यात नकाशाचीही मदत घेतात: माणूस भिंतीतून आरपार जात नाही, एवढे साधे गृहीतक धरले तरी निम्मे चुकीचे अंदाज बाद होतात. होकायंत्रावर मात्र आत कधीच विसंबू नये, कारण इमारतीतले पोलाद चुंबकीय क्षेत्र जागोजागी वाकवते. ओउलूच्या 'इंडोरॲटलस' या फिनिश कंपनीने हाच दोष गुण मानला आणि त्या वाकड्या क्षेत्राचाच नकाशा करून त्यावरून जागा ओळखण्याची पद्धत काढली, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

मंदप्रकाश

मी अल्पदृष्टी आहे, मला उजेड आणि ठळक आकार कळतात. कॅमेऱ्याच्या पद्धतीविषयी एक व्यावहारिक गोष्ट लिहितो, जी वरच्या उत्तम प्रतिसादात येणे शक्यच नव्हते. एका हातात काठी, खांद्यावर पिशवी आणि दुसऱ्या हातात छातीसमोर उभा धरलेला मोबाइल, अशा अवस्थेत दार उघडायचे कसे? कठडा कोणत्या हाताने धरायचा? शिवाय समोरून येणाऱ्या माणसाला वाटते की आपण त्याचे चित्रण करत आहोत. मला दोनदा हटकले गेले आहे. मोबाइल गळ्यात अडकवण्याचा पट्टा मिळतो, पण चालताना तो झुलतो आणि दृश्य हलले की यंत्रणा पुन्हा 'परिसर शोधत आहे' म्हणत बसते.

पायवाट

मी दृष्टिहीनांना दिशाभान आणि चलनवलन शिकवते, स्वतः डोळस आहे. टकटक यांनी विचारलेला प्रश्न मला योग्य ठिकाणी बोट ठेवणारा वाटला, म्हणून सविस्तर लिहिते.

काठी वापरणारी व्यक्ती इमारतीत कशी चालते हे आधी लक्षात घ्यावे लागेल. डोळस माणूस दालनाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तिरपा, सरळ रेषेत जातो, कारण त्याला लक्ष्य दिसत असते. दृष्टीविना मोकळ्या जागेत सरळ रेषेत चालणे कोणालाच नीट जमत नाही. माणूस नकळत एका बाजूला वाकत जातो. म्हणूनच आम्ही कडेकडेने चालायला शिकवतो: काठी भिंतीच्या पायथ्याला लावत जायचे, दारांच्या खाचा मोजायच्या, भिंत संपली की थांबायचे. हा रस्ता लांबचा असतो, पण तो हरवत नाही. आता प्रस्तावांमधला नकाशा पाहिला तर तो जवळचा मार्ग काढून दालनाच्या बरोबर मधून तुम्हाला नेतो. तीस सेंटिमीटरच्या अचूकतेने चुकीचा मार्ग सांगणारी यंत्रणा आणि तीन मीटरच्या अचूकतेने भिंतीकडेचा मार्ग सांगणारी यंत्रणा यांत मी दुसरी निवडेन, कारण शेवटचे तीन मीटर भिंत आणि काठी मिळून सांभाळतात.

दुसरी बाब वेळेची. सावकाश चालणारी व्यक्तीसुद्धा सेकंदाला साधारण एक मीटर पुढे जाते. 'आता आपण तीन मीटर पुढे जाऊन डावीकडे वळा' हे वाक्य उच्चारायला तीन-चार सेकंद लागतात. म्हणजे वाक्य संपेपर्यंत वळण मागे पडलेले असते. सवयीचे लोक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, फार वेगाने ऐकतात हे खरे, पण ते बसून वाचताना. चालताना तेच कान पावलांचे, जिन्याचे आणि माणसांचे आवाज ऐकत असतात. म्हणून सूचना आधी मिळायला हवी, ती तोकडी असायला हवी, आणि ती मीटरमध्ये नव्हे तर काठीला व पायाला कळणाऱ्या खुणांमध्ये असायला हवी. 'भिंत संपेपर्यंत चला, मग डावीकडे' ही सूचना अंतर चुकले तरी चुकत नाही. इअरफोन लावायचाच असेल तर कानाच्या पुढे हाडावर बसणारा घ्यावा, म्हणजे कान मोकळे राहतात.

लंडनमध्ये तरुण दृष्टिहीनांच्या मागणीतून 'वेफाइंडर' हा प्रकल्प उभा राहिला आणि त्याची चाचणी पिम्लिको या भुयारी रेल्वे स्थानकात बीकन लावून झाली. त्या कामातून जे पुढे आले त्याच्या आधारे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ साली एफ.९२१ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातला माझ्या दृष्टीने मोलाचा भाग लहरींचा नसून बोलण्याचा आहे: सरकता जिना येण्याआधी काय सांगावे, तो वर जातो की खाली हे कधी सांगावे, एका सूचनेत किती गोष्टी घालाव्यात. तुमच्याकडे प्रस्ताव देणाऱ्या तिघांनी हे मानक वाचले आहे का, एवढे जरी विचारले तरी बरेच काही समजेल.

तिसरी बाब जरा खोलातली आहे. एखाद्या जागेविषयीचे ज्ञान दोन प्रकारचे असते. एक वाटेचे, म्हणजे इथून तिथे कसे जायचे याची क्रमवार माहिती. दुसरे विस्ताराचे, म्हणजे कोणती गोष्ट कोणत्या गोष्टीच्या कोणत्या बाजूला आहे याचे मनातले चित्र. भूगोलतज्ज्ञ रेजिनाल्ड गॉलेज यांनी या विषयावर आयुष्यभर काम केले, आणि १९८४ साली त्यांची स्वतःची दृष्टी गेल्यावर ते सांता बार्बरा येथील विद्यापीठात दृष्टिहीनांसाठीच्या मार्गदर्शन यंत्रणेच्या संशोधनात उतरले. वळणावळणाला हुकूम सोडणारी यंत्रणा पहिल्या प्रकारचे ज्ञान देते आणि दुसरे तयार होऊ देत नाही. माझ्या शिकणाऱ्यांपैकी काही जण यंत्राच्या आज्ञेने दहा वेळा एका खोलीत गेले, पण यंत्र बंद असताना अकराव्या वेळी ते दारातच अडकले. म्हणून 'आजूबाजूला काय आहे ते सांग' असे विचारण्याची सोय असणे मला वळणांच्या सूचनांइतकेच आवश्यक वाटते.

शंकेखोर

सर्व वाचले. एक बाळबोध प्रश्न विचारतो, राग नसावा. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी उठावाच्या फरश्या तयार केल्या आणि १९६७ साली त्या ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांब पट्टे म्हणजे चालत राहा आणि गोल ठिपके म्हणजे सावध व्हा, एवढी सोपी भाषा. बॅटरी नको, मोबाइल नको, नवी आवृत्ती नको. इमारतीत तेवढ्या फरश्या बसवल्या तर हे सर्व कशाला हवे?

टकटक

राग कसला, हा प्रश्न मीही व्यवस्थापनाला विचारला होता. फरशी हवीच. मोकळ्या दालनात तर तिच्याइतका विश्वासू साथीदार नाही, पायवाट यांनी लिहिलेली भिंत तिथे ती जमिनीवर आणून देते. पण फरशी वाट आहे एवढेच सांगते, ती कुठे जाते हे सांगत नाही. चार पट्टे जिथे एकत्र येतात तिथे उभे राहिल्यावर मला ठिपके लागतात आणि मी सावध होतो, पुढे काय? नामफलक ब्रेलमध्ये असला तरी तो भिंतीवर नेमका कुठे आहे हे हाताने चाचपून शोधावे लागते.

या संदर्भात एक जुनी यंत्रणा आठवते. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्मिथ-केटलवेल नेत्रसंशोधन संस्थेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'टॉकिंग साइन्स' विकसित झाली. फलकातून अवरक्त किरणांवाटे बोललेला संदेश निघायचा आणि हातातला ग्राहक त्या दिशेला धरला की तो ऐकू यायचा. हात बाजूला नेला की आवाज पुसट व्हायचा. म्हणजे 'काय आहे' आणि 'कोणत्या दिशेला आहे' ही दोन्ही उत्तरे एकाच हालचालीत मिळत असत, आणि किरण भिंतीपलीकडे जात नसल्यामुळे शेजारच्या खोलीचा फलक चुकून बोलत नसे. संकेतवेडा, बीकनमध्ये ही दिशा हरवली, असे मी समजलो तर बरोबर आहे का?

संकेतवेडा

अगदी बरोबर. ब्लूटूथ भिंतीतून आणि जमिनीतून जाते, त्यामुळे कधी कधी डोक्यावरच्या मजल्यावरचे बीकन समोरच्या बीकनपेक्षा जोरात ऐकू येते. दिशा ओळखण्याची सोय ब्लूटूथच्या ५.१ आवृत्तीत २०१९ साली आली, पण तिला अनेक अँटेना असलेली उपकरणे लागतात आणि ती इमारतीत क्वचित दिसतात.

तरीही पायवाट यांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. अचूकता गौण आहे असा अर्थ त्यातून निघू शकतो आणि तो धोक्याचा आहे. एकमेकींना चिकटून असलेली तीन दारे असतील तर तीन मीटरची यंत्रणा तुम्हाला हमखास भलत्या दारावर थाप मारायला लावते, आणि तिथे भिंत मदतीला येत नाही, कारण भिंत बरोबरच असते. कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि आयबीएम यांच्या 'नॅव्हकॉग' या प्रकल्पात म्हणूनच बीकन दाट लावले गेले आणि त्यांच्या जोडीला पावलांची मोजणी व नकाशा वापरला गेला. त्या कामामागे संशोधक चिएको असाकावा होत्या, ज्या स्वतः चौदाव्या वर्षापासून दृष्टिहीन आहेत. तेव्हा ही गरज तंत्रज्ञांनी वरून लादलेली नव्हती. पुढे त्यांनी चाकांच्या प्रवासी बॅगेसारखा दिसणारा, स्वतः वाट काढणारा यंत्रमानव विकसित करण्याचे काम हाती घेतले. हँडल धरले की तो अडथळे टाळत तुम्हाला नेतो.

पायवाट

तीन दारांचे उदाहरण मान्य. मी इतकेच दुरुस्त करते, की अचूकता सगळीकडे सारखी लागत नाही. मार्गिकेच्या मध्यात पाच मीटरही चालतील. जिन्याच्या तोंडाशी, लिफ्टच्या बटणांपाशी आणि चिकटलेल्या दारांपाशी ती हवी. प्रस्तावात मात्र साऱ्या इमारतीची सरासरी छापतात. सरासरी अचूकता जिन्याच्या पहिल्या पायरीवर कोणालाही वाचवत नाही.

नकाशेकार

मोठ्या इमारतींचे अंतर्गत नकाशे तयार करणे आणि ते अद्ययावत ठेवणे, हे काम मी काही वर्षे केले. या धाग्यावर आतापर्यंत लहरींविषयी आणि माणसांविषयी बोलणे झाले. यंत्रणा प्रत्यक्षात जिथे मोडते ती जागा तिसरीच आहे. ती म्हणजे उद्घाटनानंतरचे दुसरे वर्ष.

बीकनची बॅटरी नाण्याएवढी असते आणि ती किती वारंवार संकेत पाठवायचा यावर एक ते तीन वर्षे चालते. ती संपली की दिवा विझल्यासारखे कोणाला दिसत नाही. मी ज्या एका इमारतीचे काम पाहत होतो, तिथे एका पूर्ण मजल्यावरचे निम्मे बीकन बंद पडले होते आणि हे आम्हाला एका दृष्टिहीन पाहुण्याच्या तक्रारीवरून कळले. तोवर यंत्रणा 'चालू' असल्याचे कागदोपत्री नोंदलेले होते. रंगकाम करणाऱ्यांनी काही बीकन काढून ठेवले होते आणि नंतर जिथे जागा मिळाली तिथे परत चिकटवले होते. मेलेल्या बीकनपेक्षा हे जागा बदललेले बीकन अधिक वाईट, कारण ते ठामपणे चूक सांगतात.

नकाशाचेही तसेच. भिंती क्वचित हलतात, पण चौकशीचा टेबल, रांगेचे कठडे, कुंड्या, दुरुस्तीसाठी बंद केलेली लिफ्ट हे दर आठवड्याला बदलते. अंतर्गत नकाशांसाठी 'इंडोरजीएमएल' हे मानक २०१४ पासून आहे आणि ॲपलचा 'आयएमडीएफ' हा आराखडाही आता खुल्या मानकांत गणला जातो. तेव्हा तुमच्या व्यवस्थापनाने नकाशा अशा खुल्या आराखड्यात मागावा आणि त्याची मालकी करारात स्वतःकडे ठेवावी. नाहीतर पुरवठादार बदलला की सगळे मोजमाप पहिल्यापासून. दार कोणत्या बाजूला उघडते, ते ओढायचे की ढकलायचे, जिन्याला कठडा कोणत्या हाताला आहे, ही माहिती सर्वसाधारण नकाशात नसते. ती वेगळी मागून घ्यावी लागते, आणि मागितल्याशिवाय ती कोणी गोळा करत नाही.

मजल्याच्या प्रश्नावर एक सोपा आधार सांगतो. बऱ्याच मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारे उपकरण असते. वर जाताना दाब मीटरमागे सुमारे १२ पास्कलने कमी होतो, म्हणजे एका मजल्याला साधारण ४० पास्कल. एवढा फरक ते उपकरण सहज टिपते. हवामानामुळे दिवसभरात दाब याहून कितीतरी अधिक बदलतो, त्यामुळे नुसत्या दाबावरून मजला ओळखता येत नाही. पण लिफ्टमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटातला फरक विश्वासार्ह असतो. तुमच्या तिन्ही प्रस्तावांत याचा वापर आहे का ते पाहा. गजबजलेल्या लिफ्टमध्ये मजला बोलून सांगणारा आवाज नसेल तर ही सोय फार उपयोगी पडते.

मंदप्रकाश

'ठामपणे चूक सांगतात' हे वाचून हसू आले आणि रागही आला. माझ्या बाबतीत असे झाले आहे की 'आपण पोहोचलात' हे ऐकून मी अग्निशमनाच्या पेटीसमोर अदबीने उभा होतो आणि तिला माझा अर्ज देण्याच्या बेतात होतो. खिडकी माझ्या पाठीमागे होती.

टकटक

मंदप्रकाश, तुमच्या त्या पेटीवरून मला जे म्हणायचे होते ते सापडले. वाट दाखवणारा डोळस माणूस गोंधळला की 'थांबा जरा, मला खात्री नाही' असे म्हणतो. आपण लगेच काठीवर आणि कानांवर परत येतो. मी वापरून पाहिलेल्या एकाही ॲपने हे वाक्य कधी उच्चारले नाही. संकेतवेडा यांनी लिहिल्याप्रमाणे आत सतत अंदाजच चाललेले असतात. मग त्या अंदाजाचा भरवसा किती, हे यंत्रणेला माहीत असणारच. ते तिने मलाही सांगावे. भरवसा कमी झाला की आवाजाचा सूर बदलला तरी मला पुरे.

यंत्रमानवाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. विमानतळावर, जिथे मी वर्षातून एकदा जातो आणि जिथले काहीच लक्षात ठेवायचे नसते, तिथे कोणी हाताला धरून नेले तर मला आनंदच आहे. ज्या इमारतीत मला रोज जायचे आहे तिथे मला नेले जायला नको, मला ती इमारत माहीत करून हवी आहे. मायक्रोसॉफ्टचे 'साउंडस्केप' २०१८ साली आले तेव्हा ते मला याच कारणासाठी आवडले होते. ते रस्त्यावरचे साधन होते, पण ते वळणे सांगत नसे. ज्या ठिकाणी जायचे त्या दिशेने कानात एक ठोका वाजत राही आणि वाट आपली आपण काढायची. २०२३ मध्ये कंपनीने ते बंद केले. त्याचा कोड खुला केला गेल्यामुळे इतरांनी ते पुढे चालवले, नाहीतर त्या ठोक्याच्या सवयीचे झालेले आम्ही सगळे एका सकाळी पुन्हा बहिरे झालो असतो. करारात मालकीचे कलम घालण्याविषयी नकाशेकार यांनी जे लिहिले आहे, ते मी जसेच्या तसे उचलणार आहे.

शंकेखोर

मग निवड काय करणार? तिन्हींपैकी एक तर सांगावे लागेलच ना?

टकटक

हो. माझ्या पत्राचा मसुदा आता असा झाला आहे. सात मजल्यांसाठी आधी नकाशा, तोही खुल्या आराखड्यात आणि कडेकडेच्या मार्गांसह. दालनात उठावाची फरशी. बीकन सगळीकडे न लावता लिफ्ट, जिने, स्वच्छतागृहे आणि जिथे दारे चिकटून आहेत अशा ठिकाणी दाट, मध्ये विरळ. अल्ट्रा-वाइडबँड नको, कारण आमच्याकडे येणाऱ्या दृष्टिहीनांपैकी बहुतेकांच्या मोबाइलमध्ये ते नाही आणि यंत्रणा तीन-चार जणांसाठी बसवायची नाही. कॅमेरा ऐच्छिक ठेवावा. ज्याला हात मोकळा असेल त्याने वापरावा. दर महिन्याला कोणीतरी सर्व मजल्यांवरून फिरून प्रत्येक बीकन तपासावे आणि त्या व्यक्तीचे पद करारात लिहावे. यात काही राहिले असेल तर सांगा, पत्र सोमवारी द्यायचे आहे.

पायवाट

चाचणीचे कलम राहिले. पुरवठादार चाचणी रिकाम्या इमारतीत, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या माणसाकडून करून दाखवतात. तुम्ही अशी अट घाला की ती कामाच्या दिवशी, मधल्या सुट्टीच्या गर्दीत व्हावी, मोबाइल खिशात ठेवून व्हावी, आणि चालणारी व्यक्ती त्या इमारतीत पूर्वी कधीही न आलेली असावी. तुम्ही स्वतः चाचणी देऊ नका. तुम्हाला ती इमारत पाठ आहे. यंत्रणा चुकली तरी तुमचे पाय बरोबर जातील.

संकेतवेडा

आणि चाचणीच्या वेळी चार बीकन मुद्दाम, पुरवठादाराला न सांगता, बंद करून ठेवा. 'मला खात्री नाही' असे ती यंत्रणा म्हणते का, ते तिथेच कळेल.

टकटक

दोन्ही अटी घातल्या. चार बीकन कोणते बंद करायचे ते नकाशेकार यांनी मला व्यक्तिगत निरोपात सांगावे, इथे नको. पुरवठादारही हा धागा वाचत असू शकतात.